उघडं दूध

संयोगिताच्या सासूला अख्खी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून संयोगिताही आक्काच म्हणायची. कागलात, गावाच्या कडेला त्यांचं घर, मागं गोठा आणि गोठ्यात मोरी नावाची एकच म्हैस. आक्कांची एक रीत होती. दूध घराबाहेर न्यायचं ते पदराखाली झाकून, आणि किटलीच्या झाकणावर बंबातल्या कोळशाचा तुकडा ठेवून. म्हैस किती देते असं कुणी विचारलं, तर चरवी भरून वाहत असली तरी उत्तर ठरलेलं: "पोरापुरतं हाय."

बाळंतपणाची रजा संपवून संयोगिता नुकतीच कामावर जायला लागली होती. नवरा सम्राट पुण्याला नोकरीला, महिन्यातून दोनदा येणारा. घरी आक्का आणि पाळण्यात शिवू. या शिवूचं एक दुखणं होतं. तिला वरचं काहीच चालत नव्हतं. मोरीचं दूध पाजलं की अंगभर पुरळ, डब्यातली पावडर दिली की तासाभरात सगळं बाहेर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अजून काही महिने आईचं दूध, दुसरं काही नाही. म्हणून संयोगिता रोज सकाळी निघण्याआधी पंपानं दूध काढून वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवायची.

त्या दिवशी तिनं फ्रिज उघडला, तर वाटीच्या झाकणावर कोळसा.

"आक्का, हे काय? पोरीच्या दुधावर?"

"मग? पोरीचं हाय म्हणून तर ठेवलाय."

संयोगिता हसली. कोळसा बेसिनमध्ये टाकला, झाकण पुसलं, शिवूचा मुका घेतला आणि स्कूटर काढली. कार्तिकातली सकाळ होती. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि हवेत मळीचा आंबूस वास. कुठंही काही वावगं नव्हतं.

पंचधारा दूध संघाची इमारत पंचतारांकित एमआयडीसीच्या पार टोकाला. संयोगिता तिथं डेटाबेस सांभाळायची, म्हणजे संघाची सगळी आठवण तिच्या ताब्यात. पंचधाराकडे दूध घालणाऱ्या प्रत्येक गाई-म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला होता, मोरीच्याही. केंद्रावर जनावरागणिक दूध मोजलं जायचं आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बिल्ल्याची एक नोंद एका टेबलात येऊन पडायची. किती लिटर, फॅट किती. वर्षानुवर्षं पडत होती. ते टेबल आता एवढं फुगलं होतं, की त्याला नुसता हात लावायचा म्हटलं तरी सर्व्हरला धाप लागायची.

आणि साहेबांना नेमकं तेच अख्खं बघायचं होतं.

"उद्या संचालक मंडळ येणार," उदयसिंह साहेब म्हणाले. ते तिचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, पण धीर म्हणाल तर गरम दुधावर फुंकर मारण्याइतकाही नाही. "पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचं, प्रत्येक जनावराचं, सगळं दूध. एका पडद्यावर. एकदम दिसलं पाहिजे."

"तुकड्या-तुकड्यानं काढते सर. एकदम काढलं तर सर्व्हर झोपेल."

"तुकडं नकोत. एकदम."

या रिपोर्टची तयारी ती आठवडाभर करत होती. टेबल झाडून-पुसून स्वच्छ केलं होतं. त्यात तिला एक विचित्र कचरा सापडला होता. प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक वेळच्या दुधात, सगळ्यात वरती, एक खोटी नोंद. बिल्ला नाही, दूध शून्य, आणि जनावराच्या नावाच्या जागी एकच शब्द: कोळसा. त्या शून्यांमुळं सगळ्या सरासऱ्या बिघडत होत्या. कुणीतरी पूर्वी चाचणीसाठी घातल्या असतील आणि काढायच्या विसरला असेल, असं तिला वाटलं. तिनं शिस्तीनं बॅकअप घेतला आणि सगळ्या कोळशाच्या नोंदी पुसून टाकल्या. घरातल्या कोळशाची आठवण तिला त्या वेळी आली होती का? आली होती. हसूसुद्धा आलं होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी तिनं सगळं एकदम मागणारी क्वेरी चालू केली. पडद्यावरचा मेमरीचा आकडा चढत गेला, चढत गेला, आणि डेटाबेस धाडकन कोसळला. केंद्रांशी असलेला संबंध तुटला. यात नवल काहीच नव्हतं, एवढ्या मोठ्या टेबलाची एकदम मागणी केली की मेमरी संपते आणि यंत्रणा स्वतःच डेटाबेसचा गळा दाबते. तिनं पुन्हा चालू केला. इंडेक्स तपासला, मेमरीच्या मर्यादा घातल्या, आणि साहेबांना न सांगता टेबल तुकड्या-तुकड्यानं वाचणारी व्यवस्था लिहिली. कुठल्या बिल्ल्यापर्यंत पोचलो तेही लॉगमध्ये लिहून ठेवायला लावलं.

या गडबडीत दुपारचं दूध पंपानं काढायचं राहूनच गेलं.

वास तिला तेव्हाच आला. दूध उतू जाऊन चुलीवर करपावं तसा. तिनं खिडकी उघडली, तर बाहेर मळीचा वास. खिडकी लावली, की पुन्हा करपलेलं दूध. संघात दूध तापायचं ते वाफेवर, बंद नळ्यांत, आणि तेही पलीकडच्या इमारतीत. तिथं करपायला कुठलं? वास सर्व्हरच्या खोलीकडून येत होता.

तुकड्यांची व्यवस्था छान चालली होती. मग एका तुकड्यावर अडखळली आणि डेटाबेस पुन्हा पडला. आता मेमरी भरलेली नव्हती. डिस्कवर जागा होती. लॉगमध्ये शेवटचा बिल्ला होता कबनूर केंद्रातल्या कुतुबुद्दीन नावाच्या माणसाच्या म्हशीचा. तो तुकडा वगळून तिनं पुढचं चालू केलं. ते तानाबाई नावाच्या बाईच्या गाईवर पडलं. हे मात्र तिला पटेना. खराब नोंद असती, तर एकाच जागी पडायला हवं होतं.

केंद्रावरच्या यंत्रानंच काही वेडंवाकडं पाठवलं असेल, या हिशेबानं तिनं कुतुबुद्दीनला फोन लावला. धारेची वेळ झाली होती.

"पंचधारामधनं बोलतेय. तुमच्या म्हशीच्या नोंदीत काहीतरी चुकतंय, म्हणून विचारायचं होतं. सकाळी दूध नीट मोजलं होतं का?"

"सकाळी बादली भरून घातलं की ताई." मग त्यानंच विचारलं, "पर तुमास्नी कसं कळलं?"

"काय?"

"आत्ता धारंला बसलोय. थेंब न्हाय. कास बगा नुसती... रिकाम्या पिशवीगत झालीया. आजारी न्हाय, वैरण खातीया, रेडकू ढुशा मारतंय. एका दिसात अशी म्हस आटती व्हय?"

संयोगितानं काहीतरी बोलून फोन ठेवला. तानाबाईला फोन लावायला तिचा हात धजेना. तरी लावला. उचलला कुणीतरी दुसऱ्यानंच, आणि मागं एक बाई गाईचं नाव घेऊन घेऊन रडत होती. एवढं ऐकून तिनं फोन बंद केला. तिला सरळ सरळ भीती वाटली. इंजिनिअर असली म्हणून काय झालं, भीती काय पदवी विचारून येते?

पंचधाराची ही सगळी यंत्रणा ज्यांनी पहिल्यांदा उभी केली ते जोतीराम देसाई आता निवृत्त होऊन कोल्हापुरात, बावड्यात राहायचे. तिनं त्यांना फोन केला. कोसळण्याचं सांगितलं, मेमरीचं सांगितलं. म्हशीचं सांगितलं नाही. ते नुसतं हं हं करत होते.

"सर, टेबलात त्या कोळशाच्या नोंदी होत्या ना, चाचणीच्या..."

"व्हत्या म्हंजे?"

"मी काढल्या."

 जोतीराम हळू आवाजात बोलायला लागले. "पोरी, चाचणीच्या न्हवत्या त्या. सुरवातीला आमचं बी असंच पडत व्हतं. सगळं करून बगितलं. शेवटी आमची आई म्हनली, आरं, घरातली एक चरवी आपन झाकून न्हेतो, आन् तुमी साऱ्या मुलखाचं दूध एका जाग्याला उघडं मांडून बगालाय. कोळसा तरी टाका की त्यात. मी हसलो. पर टाकला. त्या दिसापासनं कंदी पडलं न्हाय."

"सर, हा योगायोग..."

"आसंल की. तू परत घाल. घातल्याबिगर कुनाला बगू दिऊ नको. आन् ऐक... नजर दुधाला लागती, तशी बगनाऱ्याला बी लागती."

तिनं बॅकअप काढला आणि कोळसा परत घालायला सुरुवात केली. एकेक केंद्र. कबनूर आधी, तानाबाईचं केंद्र त्यामागून, मग बाकीची. कागल तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं. घरच्या माणसानं आधी पाहुण्यांना वाढायचं आणि स्वतः शेवटी बसायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. दिवेलागणीची वेळ झाली. खिडकीबाहेर झाडं काळी पडत चालली. खोलीतले लोक चहाला गेले होते, आणि त्या शांततेत तिला आवाज आला.

सर्र... सर्र... सर्र...

ज्याच्या घरी गोठा आहे त्याला हा आवाज कसला ते सांगावं लागत नाही. रिकाम्या भांड्यात दुधाची धार पडते तेव्हा तो असा चरचरीत येतो, आणि भांडं भरत गेलं की जाड होत जातो. तो जाड होत होता. सर्व्हरच्या खोलीतून.

ती उठून दारापर्यंत गेली. काचेतून आत पाहिलं. कपाटावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पंखे फिरत होते. दुसरं काही नव्हतं. आवाज थांबला नाही. आणि ते दिवे एकाएकी सगळे विझले.

ती धावत परत आली. डेटाबेस पडला होता. साहेब केबिनमधून बाहेर येत होते, चेहरा पडलेला.

"सर, काय केलंत?"

"रिपोर्ट चालू केला. संचालकांचे फोनावर फोन... तुझ्याच लॉगिननं केला, माझ्या लॉगिनला परवानगी नव्हती."

"माझ्या नावानं? सगळं... एकदम?"

तिनं लॉग उघडला. कोळसा सगळ्या केंद्रांत परत गेला होता. फक्त कागल राहिलं होतं. आणि साहेबांची क्वेरी जिथं मेली ती शेवटची नोंद कागल केंद्राचीच होती. मोरी, असंच तिच्या मनात आलं. पण बिल्ल्याची जागा रिकामी होती. जनावराचं नाव रिकामं. दूध थोडंसंच, वाटीभर. आणि फॅटचा आकडा म्हशीचा नव्हता, गाईचाही नव्हता. एवढं पातळ दूध कुठल्याच गोठ्यातून येत नाही.

तिनं घरी फोन लावला. "आक्का, मोरीनं दूध दिलं का?"

"दिलं की, भरून दिलं. तिला काय झालंय? पर शिवू लई रडाय लागलीया गं. वाटीतलं संपून गेलं कवाच. तू निघ."

शिवूचं रडणं फोनमधून ऐकू येत होतं. ते ऐकलं की संयोगिताला रोज पान्हा फुटायचा, ब्लाऊज भिजायचा, ऑफिसात लाज वाटायची. तिचा हात छातीकडे गेला. सकाळपासून दूध काढलं नव्हतं. एव्हाना छाती दगड होऊन ठणकायला हवी होती. ती मऊ होती, अगदी लग्नाआधी होती तशी. तिला कळलं, आणि तिनं स्कूटरची किल्ली उचलली.

पुढचे दिवस वाईट गेले. हळीव झाले, शतावरी झाली, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. थेंब नाही. आक्का तोंडानं काही म्हणत नव्हत्या, पण एकदा स्वयंपाकघरात स्वतःशीच पुटपुटलेलं तिनं ऐकलं, "आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं यील?" पावडर पाजली की शिवू ओकायची. पोरगी सुकत चालली. रडण्याचा आवाजही बारीक झाला होता. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर भरती करा. सम्राट पुण्याहून निघाला होता. संयोगिता पाळण्याजवळ बसून रडत होती, देवाची आळवणी करत होती. स्वतःला शिव्याही देत होती.

तिकडे कबनूरहून कुतुबुद्दीनचा फोन आला, म्हस पुन्हा दूध द्यायला लागली. तानाबाईची गायही. तेव्हा तिला आठवलं, कागलचा कोळसा अजून घालायचा राहिलाय. तो घातला, तर कदाचित... तिनं आशेनं लॅपटॉप उघडला. बाहेर दिवेलागण होत होती. आक्का बादली घेऊन मागं गोठ्यात गेल्या होत्या. आतल्या खोलीत शिवू रडत होती.

कागलच्या नोंदींत ती रिकाम्या बिल्ल्याची नोंद आता एकटी नव्हती. त्या संध्याकाळपासून रोज, सकाळी आणि दिवेलागणीला, एकेक. वाटीभर, वाटीभर. म्हणजे तिचं दूध आटलं नव्हतं. ते कुणीतरी काढत होतं आणि साठवत होतं.

गोठ्यातून धारेचा आवाज येऊ लागला. सर्र... सर्र... घरचाच रोजचा आवाज, तिला जरा धीर आला. मग पडद्यावर एक नवी नोंद पडली. रिकामा बिल्ला. वाटीभर. पण आकड्याच्या आधी उणे चिन्ह होतं. दूध जमा नव्हतं झालं, दिलं गेलं होतं.

आणि तिच्या ध्यानात आलं, की शिवूचं रडणं थांबलंय.

ती आत गेली. पाळणा हलत होता. शिवू डोळे मिटून पडली होती, पोट टम्म, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब. श्वास संथ, तृप्त. खोलीत करपलेल्या दुधाचा वास भरला होता. धारेचा आवाज इथं मोठा होता, गोठ्यात नव्हताच तो... पाळण्याच्या पलीकडं, भिंतीच्या कोपऱ्यात... संयोगिता पुढं झाली तसा तो थांबला.

मागचं दार वाजलं. आक्का रिकामी बादली घेऊन आत आल्या. "मोरी आज पान्हा घालंना बग. जरा येळ थांबून काढतो." मग पाळण्याकडं बघून त्या जागीच थबकल्या. "आगं... हिला कुनी पाजलं?"

 संयोगिता लॅपटॉपकडं परत गेली. तिनं कोळसा परत घालायची आज्ञा दिली, तसा पडद्यावर प्रश्न आला: कागल केंद्राच्या नोंदी परत घालायच्या? होय. नाही. होय म्हटलं की कोळसा आपल्या जागी जाणार होता. मग ते जे काही होतं ते जाणार होतं. पण तिचं दूध परत आलंच नाही तर? उद्या दिवेलागणीला शिवूला कोण पाजणार होतं? तुम्ही-आम्ही बाहेर बसून काहीही म्हणू, पण ती आई होती. तिनं बराच वेळ बोट तसंच धरलं. आतून शिवूचा झोपेतला सुस्कारा आला. तिनं नाही दाबलं.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. पंचधाराचा डेटाबेस आता पडत नाही, रिपोर्ट तुकड्या-तुकड्यानंच निघतो आणि साहेब हट्ट करत नाहीत. कागल सोडून प्रत्येक केंद्रात वरती कोळसा आहे. शिवू गुटगुटीत झाली, चालायला लागली. भात खाते, भाकरी चघळते. आता तिला त्या दुधाची गरज नाही. दिवेलागणीला मात्र ती आईच्या हातून काही घेत नाही, आतल्या खोलीत जाऊन बसते, आणि आक्का त्या वेळेला अंगणातून घरात येत नाहीत.

संयोगिता रोज एकदा ती नोंद बघते. उण्यापुढचा आकडा हळूहळू वाढत होता, पोर वाढतंय म्हणून वाढत असेल असं तिनं मनाला समजावलं होतं. परवा तो चरवीभर झाला. काल दोन चरव्या. शिवू रात्री नेहमीसारखी भूक लागली म्हणून उठली आणि भात मागून जेवली; त्या दोन चरव्या काही तिच्या पोटात गेल्या नव्हत्या.